हरल्याचे रोडगे

रोडगे कशाचे आहेत, हे द्वारकाला कोणी सांगेना.

म्हणजे कणकेचे आहेत, जाडसर दळलेल्या गव्हाचे आहेत आणि त्यात ओवा आहे, एवढं तिला दिसत होतंच. प्रश्न नवसाचा होता. अवचारांच्या घरात रोडगे उगाच होत नसत. जऊळक्याच्या शिवारातल्या त्या मारुतीसमोर गोवऱ्यांचा जगरा पेटला, म्हणजे कोणीतरी पास झालेलं असायचं, कोणाच्या तरी घरी पाळणा हललेला असायचा, नाहीतर बोअरला पाणी लागलेलं असायचं. या साली यातलं काहीच झालं नव्हतं. झालं होतं ते एवढंच, की गेल्या मंगळवारी विद्यापीठाच्या फायनलमध्ये द्वारकाची मुलींची बास्केटबॉल टीम एका गुणाने हरली होती. आणि हरल्याबद्दल रोडगे घालायची पद्धत वऱ्हाडात अजून तरी निघालेली नव्हती.

"आत्याबाई, रोडगे कायचे होय?" तिने स्कूटी शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, लावून विचारलं.

"मारुतीचे," प्रयागबाई म्हणाल्या. द्वारकाच्या वडिलांची, आबांची, ही थोरली बहीण गोणपाटावर पाय पसरून बसली होती आणि पुढ्यात वांग्यांचा ढीग होता.

"थे समजलं. नवस कोणाचा?"

"माया," आत्याबाईंनी स्वतःकडे बोट केलं.

"कायचा?"

"वांगे चीर. चार फोडी कर, देठ राहू दे."

द्वारका वांगी चिरायला बसली. बेचाळीस वर्षांची, तालुक्याच्या कॉलेजची हेड कोच, जिच्या शिट्टीवर बारा पोरी एका पायावर थांबतात, ती आत्याबाईंच्या एका शब्दावर खाली बसली. या घरात तिचं कोचपण वावराच्या धुऱ्यापर्यंतच चालत असे.

पलीकडे आबा, म्हणजे शालिग्राम अवचार, लांब काठी घेऊन जगऱ्यापाशी उकिडवे बसले होते. रोडगे भाजणं हे या घरात बायकांचं काम नव्हतं, आणि पुरुषांमध्येही आबांशिवाय कोणाचं नव्हतं. विकास, द्वारकाचा मोठा भाऊ, त्यांना गोवऱ्या आणून देत होता आणि बहिणीकडे पाहायचं कटाक्षाने टाळत होता. एरवी विकास तिला पाहिल्याबरोबर सोयाबीनचे भाव सांगत असे. आज त्याला गोवऱ्यांमध्ये फारच रस निर्माण झालेला दिसत होता.

आणि चिंचेखाली, सगळ्यांकडे पाठ करून, संस्कृती मोबाइल पाहत बसली होती. विकासची पोरगी, द्वारकाची भाची, आणि टीममधली सगळ्यात जास्त गुण करणारी खेळाडू. मैदानावर 'मॅडम' आणि घरी 'आत्या', असा नियम द्वारकाने पोरगी कॉलेजात आल्या दिवशीच घालून दिला होता. मंगळवारपासून पोरीने दोन्ही बंद केलं होतं. कारण फायनलच्या शेवटच्या क्वार्टरमध्ये, सामना बरोबरीत असताना, द्वारकाने तिला बाहेर बसवलं आणि मग शेवटपर्यंत आत घेतलंच नाही.

ही गोष्ट जऊळक्यात टीम परतायच्या आधी पोचली होती. ज्यांनी आयुष्यात बास्केटबॉल पाहिला नव्हता, त्यांनाही संस्कृतीला काढायला नको होतं हे पक्कं ठाऊक होतं. पानठेल्यावर द्वारकाला एकाने तर चुना मळता मळता पूर्ण चौथा क्वार्टर समजावून सांगितला होता.

तिने तो ऐकूनही घेतला. सतरा वर्षांत तिने याहून वाईट ऐकलं होतं.

तिची सुरुवातच अशी होती. कॉलेजला सिमेंटचं एक पटांगण होतं आणि त्यावर शेजारचे लोक सोयाबीन वाळवत. द्वारकाने वेल्डरला गाठून जुन्या पाइपांवर रिंगा बसवून घेतल्या. सकाळी पोरी सोयाबीन झाडून बाजूला करायच्या, खेळायच्या, आणि त्या गेल्या की लोक ते परत पसरायचे. पहिल्या टीममध्ये सात पोरी होत्या. त्यातल्या एकीचं लग्न सामन्याच्या तोंडावर ठरलं आणि दुसरी तिची करवली निघाली. उरलेल्या पाच जणी अकोल्याला अशा हरल्या, की शेवटी समोरच्या टीमच्या पोरीच बाजूला होऊन "टाका ना ताई" म्हणू लागल्या. ताईंनी तरीही टाकला नाही तो नाहीच. पण पुढच्या वर्षी त्यातल्या तिघी परत आल्या आणि द्वारकाला तेवढं पुरलं.

तेव्हापासून ती हेड कोच होती. हेड एवढ्यासाठी, की दुसरं कोणी नव्हतंच. नेमणूक दरवर्षी जूनमध्ये नव्याने व्हायची, आणि कॉलेज चालवणारी मंडळी दर जूनमध्ये तिच्यावर उपकार केल्याचं तोंड करायची. तिने हाफपँटवरून बापांशी भांडणं केली, रात्री पोरी घरी पोचवल्या, एकीच्या सासूला तर सामन्याला बसवून टाळ्या वाजवायला शिकवलं. तिच्या पोरी पोलिसात लागल्या, एक रेल्वेत तिकिटं तपासते. हे काम तिला आवडत होतं. इतकं, की ते नसेल तर सकाळी उठून काय करायचं, हे तिला खरोखर माहीत नव्हतं.

आणि सतराव्या वर्षी पहिल्यांदा फायनल. आणि फायनलमध्ये हे.

तेवढ्यात पवनची बोलेरो आली. पवन हा आत्याबाईंचा एकुलता एक मुलगा. घरात सगळ्यात उशिरा जन्मला आणि तेव्हापासून सगळ्यांच्या पुढे बसत आला. सध्या तो कॉलेजच्या संस्थेत सदस्य होता आणि म्हणून शनिवारीसुद्धा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालत असे. तुपाचा डबा घेऊन तो उतरला, आईच्या पाया पडला, आणि द्वारकाशेजारी पायावर पाय टाकून बसला.

"बरं झालं ताई, तुमीच आल्या. म्या म्हटलं रागावसान. पण तुमी समजदार हा. आता तुमाले बी आराम."

"कायचा आराम?"

"आता इतकी वर्षं पोरींमांगं पळल्या. कोणी तरणा माणूस पायजे ना. थोडं मार्गदर्शन करजा त्याले."

विळीवरचा द्वारकाचा हात थांबला. "कोणाले?"

पवनने आईकडे पाहिलं. आईने वांग्याकडे पाहिलं. मग त्याने विकासकडे पाहिलं, तर विकास एकच गोवरी उलटीपालटी करून तपासत होता.

"दादानं सांगतलं नाई का तुमाले?" पवन म्हणाला.

"दादा," द्वारका म्हणाली, "गोवरी ठेव खाली. काय सांगायचं होतं?"

विकासला कोणतीही गोष्ट नीट सांगता येत नसे. तो नेहमी शेवटापासून सुरू करी. त्यामुळे आधी प्रज्वलचं नाव आलं. प्रज्वल म्हणजे त्याचा मोठा मुलगा, पुण्यात राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करत होता आणि आता फक्त तयारीच करायची, असं त्याने ठरवल्यासारखं वाटत होतं. तर कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक जागा निघत होती. ती प्रज्वलला मिळणार होती. मिळणार होती, कारण पवनने शब्द टाकला होता. पवनने शब्द टाकला होता, कारण संस्थेच्या अध्यक्षांच्या भाच्याला मुलींच्या टीमचा कोच व्हायचं होतं. आणि भाच्याला कोच व्हायचं, तर आधीच्या कोचला काहीतरी व्हायला हवं होतं.

"सोमवारी कमिटी हाय," विकास म्हणाला. "फायनल काहून हरलो, त्याची चौकशी. संस्कृती जाऊन सांगीन, मॅडमनं मले कारण नसताना काढलं. पक्षपात केला."

"माया सख्ख्या भाचीवर पक्षपात?"

"उलटा पक्षपात," पवनने खुलासा केला. "तो बी असते."

द्वारकाने एक वांगं उचललं आणि खाली ठेवलं. तिला हसू आलं होतं आणि रडूही येऊ पाहत होतं, आणि दोन्ही एकदम झाल्यामुळे तोंडाचं काय करावं, ते तिला कळेना.

"अन् रोडगे?" तिने विचारलं. "आत्याबाई, आता तरी सांगा. रोडगे कायचे?"

प्रयागबाईंनी सुस्कारा सोडला. खोटं बोलणं त्यांना जमत नसे. त्या फक्त वांगी चिरायला लावत.

"तू तेव्हा कॉलेजात होती," त्या म्हणाल्या. "रिसोडची सोयरीक आली होती. पाच एकर ओलिताचं वावर, पोरगा मास्तर. अन् थे पाहुणे घरी यायच्या आंदी तुया ग्राउंडवर गेले. चड्डीत पळताना पाह्यलं तुले. चहा बी न घेता गेले ना वं. त्या दिवशी मी या मारुतीपाशी आली अन् बोलली. म्हटलं बापा, या पोरीच्या हातातला बॉल सुटू दे, तुले सव्वा मणाचे रोडगे घालीन."

"तेव्हापासून बाकी?"

"तेव्हापासून बाकी. पवन बुधवारी म्हणे, आई, बॉल सुटला. म्या म्हटलं शनिवार कायले सोडायचा. माया वयाचा काई भरोसा हाय का? नवस डोक्यावर घेऊन मरू का मी?"

म्हणजे द्वारकाची नोकरी जायची होती, आणि घरच्यांनी त्याचं जेवण आधीच घातलं होतं, आणि तिला वांगी चिरायला बोलावलं होतं. तिला वाटलं, उठावं, स्कूटीला किक मारावी आणि तालुक्याला, मालेगावात, भाड्याने घेतलेली खोली गाठावी. पण स्कूटीला किक मारून निघून जाण्यात काही अर्थ नव्हता. जायला तिला खरी जागा एकच होती, कॉलेज, आणि तीच आता जाणार होती.

इतका वेळ चुलीशी कणीक मळत असलेली रेणुका, विकासची बायको, आता हात झटकत पुढे आली. ती सहसा पुरुषांच्या मध्ये बोलत नसे. म्हणजे बोलायची, पण घरी, आणि विकासला ते रात्रभर पुरायचं.

"पवनभाऊ, एक इचारू?" ती म्हणाली. "हा भाचा कितीक वर्षांचा?"

"असन अठ्ठावीस-तीस. चांगला पोरगा हाय, वहिनी. जिम करते."

"लग्न झालं?"

"नाई अजून."

"अन् टीम बाहेरगावी जाते तेव्हा पोरीइसंगं रात्री कोण राहीन? थो?"

पवनने शर्टाची बाही नीट केली. "व्यवस्था करू ना वहिनी काईतरी."

"मंग माही पोरगी जाणार नाई," रेणुका म्हणाली. "अन् माही नाई गेली तर या गावातली कोणाचीच नाई जाणार. आमी पोरी देतो थे बाईच्या भरवशावर देतो. बास्केटबॉल कोणाले समजते इथं?"

विकास म्हणाला, "अवं पण प्रज्वलचं—"

"प्रज्वलले परीक्षा देऊ द्या. त्यासाठीच गेला ना पुण्याले?"

विकासने गोवरी परत उचलली. अर्ध्या तासापूर्वी चौघं विरुद्ध एक असं असलेलं प्रकरण आता तीन विरुद्ध दोन झालं होतं, आणि तिघांपैकी एक जण गोवऱ्या मोजत होता.

"वहिनी, भावनेच्या भरात बोलू नोका," पवन म्हणाला. "सगळं ठरलं हाय. मारुतीचं जेवण झालं. आता मांगं कसं फिरणार?"

"जेवण कुठी झालं?"

हे आबा बोलले. त्यांची पाठ सगळ्यांकडे होती आणि ते काठीने राख सारत होते. आबा इतकं कमी बोलत, की ते बोलले की लोक आधी इकडेतिकडे पाहत.

"प्रयाग," ते म्हणाले, "नवस पुरा झाला का?"

"झाल्यातच जमा हाय."

"सोमवारी कमिटी, अन् आज शनिवार. पोरीचा बॉल आज तिच्याच हाती हाय. नवस पुरा व्हायच्या आंदी फेडतात का कोणी? हे आजच ऐकून राह्यलो मी. मारुती काय दुकानदार होय, आगाऊ देऊन ठेवाले?"

प्रयागबाईंच्या हातातलं वांगं गळालं. ऐंशी वर्षांत त्यांनी कधी नवसात चूक केली नव्हती. उपास मोडला नव्हता, प्रदक्षिणा चुकवली नव्हती. आणि आता पोटच्या पोराच्या शब्दावर सव्वा मण गहू दळून बसल्या होत्या.

"बाप्पा," त्या म्हणाल्या. "मंग हे रोडगे वाया गेले का रे शालिग्राम?"

"वाया कायले जाईन," आबा म्हणाले. "माये बाकी होते. त्याच्यात धर."

"तुये? तू कधी बोलला नवस? तू तर मारुतीले कधी हात बी जोडत नाई."

आबांनी काठी बाजूला ठेवली. मग द्वारकाकडे न पाहता, राखेशीच बोलल्यासारखं ते बोलू लागले.

"हे पहिल्यांदा टीम घेऊन अकोल्याले गेली होती. रात्री आली, जेवली नाई. म्या इचारलं किती हरले, तर सांगे ना. सकाळी विकासनं पेपर वाचून दाखवला. मी इथी आलो. 'जिंकू दे' म्हणाची लाज वाटली बापा मले, इतकी हरली होती हे. देवाले बी काई मर्यादा असते. येताना विकासले इचारलं होतं, फायनल काय राह्यते. थो म्हणे शेवटचा सामना, दोनच टीमा उरतात. मी म्हटलं मारुतीले, एक डाव इले तिथलोक जाऊ दे. मंग जिंको का हरो. रोडगे घालीन म्हटलं."

आबांनी काठी परत उचलली.

"मंगळवारी गेली ना तिथलोक?" आबा म्हणाले. "मंग. हे त्याचे रोडगे. प्रयाग, तुये अजून बाकी हायेत. तू वाट पाह्य."

द्वारकाने डोळे पुसायला पदर शोधला आणि तिथे पदर नाही, ट्रॅकसूट आहे, हे लक्षात आल्यावर बाहीने पुसले. सतरा वर्षं तिला वाटत होतं, आबांना तिच्या कामाचं काही नाही. ते तिला एवढंच विचारत, "आज ग्राउंड होतं का?" आणि ती "होतं" म्हणे. बाप-लेकीचं संभाषण तिथे संपत असे.

प्रयागबाई मात्र हिशेबाच्या पक्क्या निघाल्या. "म्हंजे," त्या सावकाश म्हणाल्या, "जोवर हिचा बॉल सुटत नाई, तोवर माया नवस बाकी. अन् नवस बाकी असताना मारुती माणसाले नेत नाई, असं माही सासू म्हणे." त्यांनी द्वारकाकडे नव्या नजरेने पाहिलं. "तू खेळव वं बाई. मले काई घाई नाई."

"आई," पवन म्हणाला.

"तू चूप बस. तुयामुळं मारुतीपुढं तोंड दाखवाची सोय राह्यली नाई."

पवन मुरलेला माणूस होता. आई फुटली, वहिनी फुटली, मामा तर आपले कधीच नव्हते, हे त्याने बसल्या जागी ओळखलं. पण खरं मत अजून त्याच्याकडेच होतं, असं त्याला वाटत होतं. त्याने चिंचेकडे पाहिलं. "नवसाचं तुमचं तुमी पाहा. कमिटीपुढं नवस चालत नाई. तिथं खेळाडू काय म्हणते, थे चालते."

सगळ्यांनी चिंचेकडे पाहिलं. संस्कृतीने मोबाइल उलटा ठेवला होता. ती केव्हापासून ऐकत होती, कोण जाणे.

द्वारका उठून तिच्याकडे गेली. शेजारी बसली नाही, उभीच राहिली. सवयच होती.

"सोमवारी जाणार तू?"

"काहून?" संस्कृतीने मान वर केली नाही. "भेव वाटते का?"

"वाटते," द्वारका म्हणाली. "मले दुसरं काई येत नाई. थे काम गेलं तर मी काय करीन, मले खरंच माहीत नाई."

पोरीला हे अपेक्षित नव्हतं. तिने चार दिवस भांडणाची तयारी केली होती आणि समोरचा माणूस भांडायलाच तयार नव्हता.

"मी असते तर आपण जिंकलो असतो," ती म्हणाली.

"हो."

"काय, हो?"

"तू असती तर जिंकलो असतो. तुले काढलं म्हून हरलो. पानठेल्यावरचा माणूस सांगते थे बरोबर हाय."

"मंग काढलं काहून?"

द्वारका पलीकडच्या तुरीकडे पाहत राहिली. शेंगा वाळत आल्या होत्या. "आपली सपना रिंगखाली मोकळी होती. एकडाव नाई, तीनडाव. पहिल्या डावाले तिनं हात वर केला, तू नाई देला. दुसऱ्या डावाले केला, तू नाई देला. तिसऱ्या डावाले ती मोकळी उभी होती, अन् तिनं हात वर केलाच नाई. आपल्याले कोणी देत नाई, हे तिले समजलं होतं. थे पाह्यलं अन् तुले काढलं."

"मी देला असता तरी तिनं टाकला नसता."

"नसता टाकला कदाचित."

"मंग?"

"मंग हरलो असतो. पण पाच जणी हरलो असतो."

संस्कृतीने जमिनीवरची चिंच उचलली, सोलली आणि न खाता टाकून दिली. तिचे कान लाल झाले होते. लहानपणापासून रडू आवरताना तिचे कान लाल होत. द्वारकाला वाटलं, डोक्यावर हात ठेवावा. पण घरी आत्या आणि मैदानावर मॅडम, आणि ही जागा नक्की कोणती, ते तिलाही कळत नव्हतं. तिने हात ठेवला नाही.

"हात लावा," आबांनी हाक दिली. "झाले."

रोडगे जगऱ्यातून निघायला लागले की बाकी सगळं थांबतं, मग कमिटी असो की नवस. आबा काठीने राखेतून एकेक रोडगा उकरत आणि मनगटाच्या एका झटक्याने उडवत. तो झेलायला द्वारका उभी राहिली. सहा-सात वर्षांची असल्यापासून ती इथेच उभी राहत आली होती. रोडगा तळहातावर घ्यायचा, दोन हातांत आपटून राख झटकायची आणि लगेच पुढच्याकडे टाकायचा. पुढचा फडक्याने पुसून टोपल्यात ठेवणार. पहिल्याच वर्षी तिने एक रोडगा कौतुकाने हातात धरून ठेवला होता आणि हाताला फोड आली होती. "हाती ठेवायचा नसते," आबा तेव्हा म्हणाले होते. "आला का द्यायचा." तिचं सगळं कोचिंग या एका वाक्यातून निघालं होतं, आणि दर जूनच्या मुलाखतीत ती मात्र कुठल्या कुठल्या शिबिरांची नावं सांगत असे.

पलीकडे फडकं घेऊन रेणुका होती. पाच-दहा रोडगे झाले आणि वरण उतू जायला लागलं, तशी ती फडकं टाकून चुलीकडे पळाली. द्वारकाच्या हातात रोडगा होता आणि समोर कोणी नव्हतं. तिने तो या हातातून त्या हातात, त्या हातातून या हातात असा नाचवला. आबा तर थांबणार नव्हतेच. त्यांनी पुढचा उडवला.

"इकडं," आवाज आला.

संस्कृती फडकं खांद्यावर टाकून उभी होती. एक हात वर होता. द्वारकाने दिला. पोरीने झेलला, पुसला, टोपल्यात टाकला आणि हात परत वर केला. दुसरा दिला, तिसरा दिला. विकास टोपलं धरून उभा राहिला होता, कारण त्याला कोणीतरी काहीतरी धरायला दिलं की बरं वाटे.

पवन हळूहळू जवळ आला. राखेपासून शर्ट जपत तो म्हणाला, "मंग संस्कृती, सोमवारी अकरा वाजता. मी गाडी पाठवतो."

संस्कृतीने नुकताच एक रोडगा झेलला होता. "येते ना काका," ती म्हणाली.

द्वारकाचे हात थांबले. आबांनी उडवलेला रोडगा तिच्या खांद्यावर आदळून खाली पडला. इतक्या वर्षांत तिचा हा पहिला झेल सुटला.

"शाब्बास," पवन म्हणाला. "सांगजो मंग. मॅडमनं मले काढलं म्हून."

"सांगीन. मॅडमनं मले काढलं."

"अन् काहून काढलं, थे बी बिनधास्त सांग. भेऊ नोको."

"पास देत नव्हती म्हून काढलं," संस्कृती म्हणाली. "इतलंच सांगीन. सपनाले बी संगं आणीन, थे बी हेच सांगीन."

पवनने विकासकडे पाहिलं. विकासने टोपल्यात पाहिलं. मग त्याच्या तोंडून जे निघालं, ते त्याला स्वतःलाही नवीन असावं. "आता पोरगी खोटं थोडी बोलीन, पवन," तो म्हणाला. "तशी बी प्रज्वलले प्रयोगशाळेतलं काय समजते?"

"दादा, तुमी शब्द देला होता," पवन म्हणाला.

संस्कृतीने हातातला रोडगा सरळ त्याच्याकडे टाकला. पवनने घाबरून दोन्ही हातांनी झेलला आणि छातीशी धरला. पांढऱ्या शर्टावर राखेचं वर्तुळ उमटलं. त्याला तो टाकताही येईना, कारण मारुतीचा प्रसाद होता आणि आई पाहत होती. आणि धरवेनाही. तो रोडगा घेऊन जागच्या जागी नाचू लागला.

"काका, हाती ठेवू नोका, भाजते," संस्कृती म्हणाली. तिने द्वारकाकडे बोट केलं. "मॅडम मोकळ्या हायेत. त्याइले द्या."

द्वारकाने हात वर केला.

पवनने दिला. पास वाईट होता, पार गुडघ्यापाशी आला, पण तिने घेतला.